रत्नागिरीला उतरलेली माणसं

"कोण हसतंय ते?" मुकुंदरावांनी विचारलं.

शेजारी वळकटीला टेकून बसलेल्या, सहलीतल्याच कृष्णाबाईंनी डोळे न उघडताच सांगितलं, "अंबूताई. दुसरं कोण असणार?"

मुकुंदराव गलगले बोटीच्या डेकवर सतरंजीवर आडवे होते. उशाला कोट, नाकाशी लिंबू. पहाटे मार्मागोवा सुटलं तशी त्यांना बोट लागली होती आणि वेंगुर्ल्यापर्यंत पोटात काही उरलं नव्हतं. आता मालवण मागे गेलं होतं, पोट शांत झालं होतं, तरी उठून बसायचा धीर होत नव्हता. मान वर करून त्यांनी पाहिलं. बोटीच्या पुढच्या टोकाला, कठड्याला धरून, त्यांची बायको उभी होती. पदर वाऱ्यानं फडफडत होता, तो तिनं कमरेला खोचला होता. तिच्या शेजारी शंकरराव अळणावरकर हातवारे करून काही सांगत होते.

अडतीस वर्षांच्या संसारात हे हसणं मुकुंदरावांनी घरात ऐकलं नव्हतं. म्हणूनच तर त्यांनी विचारलं होतं.

धारवाडच्या पेन्शनर मंडळींनी त्या वर्षी, म्हणजे एकोणचाळीसच्या फेब्रुवारीत, बोटीची सहल काढली होती. रेल्वेनं लोंढ्यावरून मार्मागोवा, तिथून बोटीनं मुंबई, चार दिवस मुंबई पाहून परत. पंधरा माणसं, सगळी पन्नाशी-साठीच्या पुढची. मुकुंदराव कलेक्टर कचेरीतून हेडकारकून म्हणून निवृत्त झाले होते. धारवाडच्या मळमड्डी भागात त्यांना मान होता. सहलीचा अर्ज, परवानग्या, डब्यातल्या जागा, सगळं त्यांनीच लिहून-लावून दिलं होतं, आणि बोटीवर आपण पुढे बसून चार गोष्टी सांगू, मंडळी ऐकतील, असं त्यांच्या मनात होतं.

शंकरराव हुबळीचे, केशवापुरात राहणारे. रेल्वेत तीस वर्षं गार्ड. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. हुबळीहून गाडीत बसून त्यांनी धारवाडकरांसाठी खिडकीच्या जागा धरून ठेवल्या होत्या आणि अंबूताई डब्यात चढताच "बर्री अक्का, इकडं या," म्हणून सगळ्यात चांगली जागा तिला दिली होती. लोंढा यायच्या आत तिनं त्यांना विचारून घेतलं होतं, की गार्ड झेंडी नेमकी केव्हा दाखवतो, बोगद्यात भीती वाटते का, आणि डबा तुटून मागे राहिला तर काय करतात. मुकुंदराव समोरच बसले होते. आपल्या बायकोला डबा तुटण्याची काळजी असते हे त्यांना तेव्हा कळलं.

"तीस वर्षं गाडीच्या शेपटीला उभा राहिलो, अक्का," शंकरराव बोटीवर चढल्या चढल्या म्हणाले होते. "जे दिसलं ते मागं जाताना दिसलं. आता मुंबई समोरून येताना बघायची. पहाटे इथं टोकाला उभा राहणार मी. तुम्हीपण या."

"येते की," अंबूताई म्हणाली होती. नवऱ्याकडे न पाहता.

आता मुकुंदराव उठले. कठडा धरत धरत ते दोघांच्या मागे जाऊन उभे राहिले. अंबूताई सांगत होती, "...म्हशीची शेपटी धरायची आणि अर्ध्या तळ्यात गेलं की सोडून द्यायची. मग हात मारत परत. मामीला वाटायचं, मी देवळात गेलेय."

"आणि ओलं लुगडं?"

"केलगेरीच्या तळ्याकाठी काय, उन्हात उभं राहिलं की वाळतं."

दोघंही हसले. मग तिला नवरा दिसला आणि तिचं हसू थोडं आत गेलं. "उठलात? बरं वाटतंय का?"

"तुला पोहायला येतं?" मुकुंदराव म्हणाले.

"येत होतं."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलायला बसलं की तुमची कचेरीची वेळ होई," ती म्हणाली. रागानं नव्हे, ते तसंच होतं म्हणून.

शंकररावांनी चटकन आपली घोंगडी घडी करून खाली ठेवली. "बसा रावसाहेब, इथं वारा चांगला आहे. बोट लागत नाही इथं." मुकुंदराव बसले नाहीत. ते परत सतरंजीवर आले आणि देवगड येईपर्यंत पडल्या पडल्या पाहत राहिले. शंकररावांनी हात करून तिला काही सांगितलं, की ती तिकडे पाही. तिनं डब्यातला लाडू काढून त्यांना दिला. तो लाडू तिनं मुकुंदरावांच्या आवडीचा म्हणून केला होता. शंकररावांनी अर्धा मोडून तिला परत दिला आणि तिनं तो तिथंच, चारचौघांत, उभ्यानं खाल्ला.

वाईट असं त्यात काही नव्हतं. ते दोघं भर उन्हात सगळ्या मंडळींसमोर उभे होते, तो तिला अक्का म्हणत होता, साठीचा माणूस, टक्कल पडलेला. मुकुंदरावांना हे सगळं दिसत होतं. दिसत असूनही छातीत काहीतरी तापत होतं. पहाटे हे दोघं टोकाला उभे राहणार, मुंबई समोरून येणार, आणि आपण इथं लिंबू हुंगत पडणार. पुढे आयुष्यभर ती मुंबईचं नाव काढील तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कोण येईल?

दिवेलागणीला बोट रत्नागिरीसमोर नांगर टाकून उभी राहिली. उतारू नेणारे पडाव बोटीच्या पोटाला येऊन लागले. तेव्हा मुकुंदरावांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कळ येतेय. इथं. मला खाली उतरवा."

अंबूताई धावत आली. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला, मग तोंडाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "रात्रभर थांबवेल का? सकाळी मुंबईच येईल," ती म्हणाली.

"सकाळ बघायला मी राहायला हवा ना."

मग ती वळकटी बांधू लागली. कृष्णाबाईंनी हातात साखर दिली, कुणी कापूर दिला. बोटीच्या कारकुनानं घाई केली. आणि शिडीवरून मुकुंदरावांना उतरवताना त्यांच्या काखेत ज्याचा हात होता, तो माणूस स्वतःची पिशवी खांद्याला लावूनच उतरत होता.

"तुम्ही कुठं?" मुकुंदराव म्हणाले.

"अक्का एकटी काय काय करील? परका मुलूख. छातीचं दुखणं आहे हे," शंकरराव म्हणाले. "बोट काय, पुढच्या वर्षी आहेच की."

पडाव किनाऱ्याकडे निघाला. मागे बोटीचे दिवे लागले होते. अंबूताई तिकडे पाठ करून बसली होती.

धर्मशाळेत खोली मिळाली. गावातल्या डॉक्टरनं तपासलं. नाडी ठीक आहे, समुद्राच्या वाऱ्यानं त्रास झाला असेल, दोन दिवस हलवू नका, असं तो म्हणाला. ते दोन दिवस मुकुंदराव कधी विसरले नाहीत. खोटं दुखणं घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि दाराबाहेरच्या पडवीत, आजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात चाललेलं बोलणं ऐकायचं. शंकरराव चूल पेटवून देत, पाणी भरत. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून मुकुंदरावांची छाती शेकत. संध्याकाळी त्यांचे पाय चेपत. मुकुंदराव पाय ओढून घेत, तर म्हणत, "लाजू नका हो. मी माझ्या बायकोचे आठ महिने चेपले. ती पण लाजायची."

बाहेर एकदा अंबूताई म्हणाली, "तुमची मुंबई राहिली, शंकरअण्णा."

"मुंबई कुठं पळून जाते?"

तिनं त्यांना अण्णा म्हटलं होतं. मुकुंदरावांनी ते ऐकलं. भाऊ म्हणून म्हटलं, तरी त्यांना बरं वाटलं नाही. तिनं जोडलेली ही पहिलीच स्वतःची ओळख, आणि तीही त्यांच्यामुळे झालेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी आंबा घाटातून सर्व्हिस मोटारीनं कोल्हापूर, तिथून मिरज, आणि मिरजेहून धारवाडची गाडी. घाटाच्या प्रत्येक वळणाला शंकररावांनी त्यांना खांद्याला धरून सावरलं. धारवाड स्टेशनात निरोप घेताना ते अंबूताईला म्हणाले, "यांना तिखट बंद. मीठ कमी. मऊ भात द्या. मी येत जाईन बघायला."

आणि ते खरोखरच येत गेले. दर गुरुवारी दुपारच्या गाडीनं हुबळीहून येत, तासभर बसत, चहा घेत आणि परत जात. मुकुंदरावांना भाकरी आणि शेंगांची लाल चटणी जीव की प्राण. अंबूताई त्यांच्यापुढे रोज मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण वाढू लागली. ती स्वतः शेजारी बसून चटणीशी भाकरी खाई. मुकुंदराव काही बोलू शकत नसत. गुरुवारी ते मुद्दाम वाचनालयात जाऊन बसत. पण तिथं जीव रमेना, म्हणून अर्ध्या तासातच परत येत. दारातून हसणं ऐकू येई. ते चपला जरा जोरात काढत, आणि मग त्यांनाच स्वतःची लाज वाटे.

सप्टेंबरात लढाई सुरू झाली. बोटींचं काही खरं राहिलं नाही. कधी निघतील, निघतील की नाही, कुणी सांगेना. पेन्शनरांनी पुढच्या वर्षीची सहल रद्द केली, त्याच्या पुढच्या वर्षीचीही. आणि एकेचाळीसच्या पावसाळ्यात एका गुरुवारी शंकरराव आले ते जोत्याच्या पायरीला अडखळले. चहाची बशी शोधायला त्यांचा हात दोनदा चुकला.

"काचबिंदू म्हणतात," ते म्हणाले. "मिरजेला दाखवलं. गेलेलं येत नाही, राहिलंय तेही जाईल म्हणतो डॉक्टर. बाजूचं दिसत नाही आता. समोरचं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं."

ते गेल्यावर मुकुंदराव झोपाळ्यावर येऊन बसले. अंबूताई तांदूळ निवडत होती.

"मला त्या दिवशी काही झालं नव्हतं," ते म्हणाले. "रत्नागिरीला."

"ठाऊक आहे मला."

"केव्हापासून?"

"तुमच्या कपाळाला हात लावला ना, तेव्हापासून. घाम नाही, काही नाही. चाळीस वर्षं तुमची दुखणी काढलीत मी."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या सगळ्यांसमोर?" तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली असती का?"

मुकुंदरावांनी पायानं झोपाळा थांबवला. मग ते म्हणाले, "आणि हा भात? अडीच वर्षं?"

"तुम्ही खात होतात," ती म्हणाली. "मी म्हटलं, बघू तर, किती दिवस खातात."

ते उठले. "येत्या गुरुवारी सांगतो त्यांना. पाय धरतो. माझ्यामुळे त्यांची मुंबई गेली. आता तर डोळेही..."

अंबूताईनं सूप खाली ठेवलं. एवढ्या सगळ्यात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "काही सांगायचं नाही. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून सांगणार. आणि त्यांच्याकडे काय राहील? एक माणूस वाचवला एवढंच ते केशवापुरात सगळ्यांना सांगत असतात. तेवढं राहू दे त्यांच्याकडे."

त्या वर्षीच्या दसऱ्याला पेन्शनर मंडळी गलगल्यांच्या ओसरीवर सोनं द्यायला जमली. शंकररावांना हुबळीहून आणायला मुकुंदराव स्वतः गेले होते. गाडीत त्यांनी त्यांना खिडकीशी बसवलं आणि मग शंकररावांना बाहेरचं फारसं दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

ओसरीवर विषय बोटीवर आला. शंकररावांनी पुन्हा सगळं सांगितलं: कळ कशी आली, पडाव कसा हलत होता, ओव्यानं छाती कशी शेकली. नवीन निवृत्त झालेले एक मामलेदार तिथं होते. ते हसून म्हणाले, "एवढं काय हो झालं होतं, मुकुंदराव? यांनी जरा तिखटमीठ तर लावलं नाही ना?"

सगळे मुकुंदरावांकडे पाहू लागले. अंबूताई आतून चहाची किटली घेऊन आली होती, तीही दारात थांबली.

"नाही," मुकुंदराव म्हणाले. "झालं ते असंच झालं. हे उतरले नसते तर मी आज इथं बसलो नसतो." हे सगळंच काही खोटं नव्हतं, असं त्यांना बोलता बोलता वाटलं.

शंकरराव सुपारी चघळत समोर पाहत होते. मग म्हणाले, "कृष्णाबाई, तुम्ही तर पुढं गेला होतात. ती मुंबई कशी दिसली, पहाटे? तुम्ही कधी नीट सांगितलंच नाही."

कृष्णाबाई मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण होत्या. सांगायला लागल्या की नीट सांगायच्या. आधी नुसता अंधार, त्या म्हणाल्या. मग एकच दिवा, उघडझाप करणारा. मग पाण्याचा रंग पालटला, आणि धुक्यात डोंगर असावेत तसं काही दिसलं. पण ते डोंगर नव्हते, घरं होती, पाण्याच्या काठापर्यंत आलेली. मासेमारीच्या होड्या बोटीच्या दोन्ही अंगांनी बाहेर जात होत्या आणि त्यांतली माणसं बोलत होती ते ऐकू येत होतं.

शंकररावांनी मान किंचित वर केली होती, डोळे मिटले होते. अंबूताई किटली हातात धरून दारातच उभी होती आणि कृष्णाबाईंकडे नव्हे, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मुकुंदरावांनी ते पाहिलं. छातीत तेच जुनं काहीतरी हललं. अडीच वर्षांत ते गेलं नव्हतं, आता जाईल असंही त्यांना वाटेना.

ते सतरंजीवर थोडे बाजूला सरकले. त्यांच्या आणि शंकररावांच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

"बस की," ते बायकोला म्हणाले. "तू पण ऐक."

अंबूताईनं किटली खाली ठेवली आणि ती येऊन बसली. कृष्णाबाई सांगत होत्या, की बोट हळू झाली, भोंगा झाला, आणि टोकाला उभी असलेली सगळी माणसं एकदम गप्प झाली.