उत्तरेच्या खोलीतला कवडसा

मेलेल्या माणसाने गप पडून राहावं, एवढीसुद्धा रीत मास्तरीणबाईला नव्हती. जिवंतपणी नव्हती, आता कुठून येणार, असं आत्याबाई ताटं पुसता पुसता सुनेला ऐकवत होत्या.

भिंतीवर कवडसा पडला होता. तळहाताएवढा, काठाला थरथरणारा. स्वयंपाकघर उत्तरेचं, तिथे ऊन कधी फिरकत नसे.

"समोरची खिडकी हलत असेल, आई," सून म्हणाली.

"समोर नुसती भिंत आहे. तुझे डोळे आहेत की बटणं?"

कवडसा डावीकडून उजवीकडे सरकला, थबकला, जरा खाली उतरून पुन्हा डावीकडून निघाला. आत्याबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. ही चाल त्यांच्या मनगटाला ठाऊक होती.

नोकरी संपल्यावर मास्तरीण वस्तीमागच्या जुन्या दफनभूमीत कबरी नोंदवायला जाऊ लागली होती. फुकट, कुणी न सांगता. आत्याबाई सोबत जायच्या, म्हणजे वाटभर तिला शिव्या घालत जायच्या. त्यांचं काम एकच, आरसा धरायचा. झिजलेल्या दगडावर उजेड समोरून पडला तर दगड कोरा दिसतो; बाजूने तिरपा टाकला की खाचांत सावली भरते आणि अक्षरं वर येतात. आत्याबाई उजेड ओळीवरून सरकवायच्या, मास्तरीण उतरवून घ्यायची आणि मग ते नाव मोठ्याने उच्चारायची. एकही दगड तिने मुक्याने सोडला नाही.

"मेल्यांना हाका कशाला मारतेस गं?"

"ज्याचं नाव कुणी घेत नाही, तो तोंड शोधत हिंडतो. एकदा घेतलं की निजतो."

"आणि तुझं कोण घेणार?"

"तू आहेस की."

आत्याबाई तेव्हा हसल्या होत्या.

आता कवडसा भिंतीवरून उतरला, ओट्यावरून घसरला आणि सुनेवर आला. तिचे दिवस भरत आले होते. पोटावर तो थांबला, आणि तिथेही तसाच ओळीओळीने सरकू लागला.

"आई, हे ऊन नाही," सून हळूच म्हणाली. "गार लागतंय."

मास्तरीण मेलेल्यांचीच नोंद करायची. आत्याबाई उठून मध्ये उभ्या राहिल्या. पाठीवर ओला हात ठेवावा तसं काहीतरी टेकलं आणि विझलं. आरसा कपाटात होता, फडक्यात बांधलेला, त्यांनी गाठ मारलेली तशीच. तो काखोटीला मारून त्या भर दुपारी दफनभूमीकडे निघाल्या.

मास्तरणीच्या कबरीवरचा दगड तिच्या भाच्याने बसवला होता. कारागिराने नाव कोरायचं सोडून नुसतं ओरबाडलेलं. वरचा रंग पहिल्याच पावसात उडाला होता. समोरून बघितलं तर कोरी पाटी. तिथे उभं राहिल्यावर आत्याबाईंच्या डोक्यात उजाडलं. ती गेली तेव्हा सगळे "मास्तरीणबाई गेल्या" म्हणाले होते. त्याही तेच म्हणाल्या होत्या. एवढ्या वर्षांची मैत्रीण, आणि तिचं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी खाली बसून आरसा तिरपा धरला. दुसरीतच सुटलेली शाळा. अक्षरं ओळखीची, पण एकेकटी. त्यात आरसा एका जागी राहीना. अक्षरं वर यायची आणि बुडायची. शेवटी वैतागून त्यांनी आरसा मांडीवर पालथा घातला.

उजेड दगडावरच राहिला.

आत्याबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. दगडावर बोट ठेवलं. कवडसा बोटाबरोबर सरकू लागला. जोडाक्षरापाशी त्या अडल्या, तिथे तोही थांबला, ढ पोरासाठी मास्तरीण थांबायची तसा, न ओरडता. अक्षराला अक्षर लागलं. आत्याबाईंनी ते नाव पुटपुटून पाहिलं, मग सबंध, खणखणीत घेतलं.

कवडसा काठाकडून आत मिटत गेला. आकाशात ढग नव्हता.

मग त्यांनी आरसा फडक्यात बांधला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दगडाला म्हणाल्या,

"झालं समाधान? शिकलेली होतीस, पण आगाऊ ती आगाऊच. नाव हवं होतं तर माझ्या उरावर बसायचंस. पोटुशीला धाक घालायचा नाही. माझ्या घरात तुला नोंदवायला काही नाही. आता नीज. माझी वेळ होईल तेव्हा मी आपल्या पायांनी येईन, आरसा दाखवून बोलवायचं काम नाही."