यादीत पहिला नवल

योगेंद्र जर्मनीला गेला तेव्हा त्याच्यासोबत दोन बॅगा, पापडाचा डबा आणि शेवभाजीचा मसाला गेला. त्याचं जर्मन मात्र शिरपूर तालुक्यातच राहिलं, नवलच्या तोंडात.

दोघे चुलतभाऊ. एकाच मोटारसायकलवर दीड वर्ष धुळ्याला जर्मनच्या क्लासला गेलेले. नवल पुढे बसून गाडी चालवायचा आणि क्रियापदं पाठ करायचा. योगेंद्र मागे बसून झोपायचा. जर्मनच्या परीक्षेत नवलला ब्याऐंशी, योगेंद्रला एकसष्ट. पण विद्यापीठानं डिग्रीचे मार्क पाहिले, आणि ते योगेंद्रचे जास्त निघाले. त्याला प्रवेशाचं पत्र आलं. पत्र नवललाही आलं, एकदम गोड भाषेतलं. जर्मन लोक आपल्यासारखंच महत्त्वाचं ते वाक्याच्या शेवटी टाकतात, त्यामुळे नवलची आशा ओळीच्या टोकापर्यंत जिवंत होती. टोकाला प्रतीक्षायादी निघाली. क्रमांक एक. म्हणजे आतला कुणी उठला की नवल आत.

अशा वेळी माणसानं देवाकडे सगळ्यांचं भलं मागावं. नवलनं मागितलं. त्यात योगेंद्रचं नाव घ्यायचं तेवढं राहून गेलं.

गावात बॅनर लागला. वर कोट घातलेला योगेंद्र, मागे विमान, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत नवल. त्याचा फोटो आधार कार्डावरचा होता. बॅनर बघून कुणालाही वाटलं असतं की योगेंद्र जर्मनीला चाललाय आणि नवल पोलिसांना हवाय.

पहिल्याच दिवशी योगेंद्रचा फोन आला. नवल केळीच्या बागेत घड कापत होता.

"भो, हाऊ टीसी काय म्हनस, जरा बोल ना."

नवलनं कोयता खोडाला टेकवला आणि टीसीशी बोलला. तिकीट बरोबर होतं, डबा चुकीचा होता. दुसऱ्या दिवशी होस्टेलचा केअरटेकर. तिथे कचऱ्याचे चार डबे, चार रंगांचे, आणि केळीची साल कुठल्या डब्यात टाकायची यावर नवलनं केळीच्या बागेत उभं राहून दहा मिनिटं चर्चा केली. तिसऱ्या दिवशी बेकरीवाली. योगेंद्र कधी इंग्रजीवर यायचा, पण मग समोरचा माणूस लाजायचा, आणि योगेंद्र त्याहून जास्त.

गावात वेगळीच बातमी पसरली.

"मन्हा योगेंद्र गोरासंगे फाडफाड बोलस," योगेंद्रची आई, कमलकाकू, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. नवल दिसला तशा म्हणाल्या, "नवल, तू बी शिकाले पाहिजे व्हतं रे."

नवल म्हणाला, "हो काकू." एवढ्या दोन शब्दांत त्याचं अर्धा लिटर रक्त जळालं. बेकरीवालीनं त्या सकाळी योगेंद्रला शाबासकी दिली होती. ती शाबासकी नवलच्या वाक्याला होती, पाव मात्र योगेंद्रनं खाल्ला.

मंगळवारी फोन आला तो विद्यापीठाच्या कचेरीतून. काउंटरवरच्या बाई स्पीकरवर सावकाश, स्वच्छ बोलल्या. आरोग्य विम्याचा कागद राहिलाय. गुरुवारी दुपारी बारापर्यंत आणून द्या. नाही आला तर जागा यादीतल्या पहिल्या माणसाला जाईल.

यादीतला पहिला माणूस खांद्यावर घड घेऊन उभा होता. चीक मानेवरून ओघळत होता.

"काय म्हनस ती?" योगेंद्रनं विचारलं.

"काही नाही," नवल म्हणाला. "विम्याचा कागद घेऊन सोमवारी या म्हणते."

"बठ्ठं बरोबर शे ना भो?"

"बठ्ठं बरोबर शे."

त्या रात्री नवलनं यूट्यूबवर बर्फात कसं चालायचं ते पाहिलं. बुधवारी त्यानं पासपोर्ट काढून पाहिला. त्यातला फोटोही आधार कार्डावरच्यासारखाच होता. गुरुवारी बागेत ट्रक लागला. तिकडच्या बाराला इकडे साडेतीन वाजतात, हे नवलला कुणी सांगायची गरज नव्हती. तो दर पाच मिनिटांनी मोबाइल बघत होता आणि समोर येईल ते कापत होता.

"हाऊ कच्चा शे!" त्याचे वडील, भाईदासनाना, बांधावरून ओरडले. "डोया फुटनात का तुना?"

नवलनं खाली पाहिलं. बोटाएवढ्या केळ्यांचा घड, महिनाभर तरी थांबायला हवा होता. त्यानं तो उगीच परत खोडाला लावून पाहिला. लागला नाही. तीनला दहा कमी होते. त्यानं फोन लावला.

"कुठे आहेस?"

"रूमवर. वरण टाकेल शे."

"गॅस बंद कर. विम्याचा कागद घे आणि पळ. आज बारापर्यंतच आहे."

"तू तं सोमवार सांगं व्हतं!"

"खोटं सांगितलं."

"काबरं?"

"माले तुनी जागा पाहिजे व्हती."

पलीकडे फक्त वरणाची शिटी वाजली. मग दार आपटलं, आणि फोनमधून धावण्याचा आवाज येऊ लागला. शिव्याही येत होत्या, सगळ्या अहिराणीत. त्यांचं भाषांतर करायची वेळ आली नाही हे जर्मनीचं नशीब.

योगेंद्र काउंटरवर पोचला तेव्हा बाई खिडकी ओढून घेत होत्या. आता विनंती नवललाच करावी लागणार होती. दीड वर्ष पाठ केलेली सगळी क्रियापदं त्यानं त्या एका खिडकीसमोर ओतली. मुलगा प्रामाणिक आहे, म्हणाला. चूक निरोप देणाऱ्याची आहे, म्हणाला. निरोप देणारा कोण, ते बाईंनी विचारलं नाही.

शिक्का पडल्याचा आवाज शिरपूर तालुक्यात स्पष्ट ऐकू आला.

मग बाई फोनजवळ येऊन काहीतरी बोलल्या. नवलनं उत्तर दिलं. बाई मोठ्यानं हसल्या.

"काय म्हने ती?" योगेंद्र अजून धापा टाकत होता.

नवलनं या वेळी शब्दाला शब्द सांगितलं. "विचारते, फोनवरचा माणूस इतकं चांगलं जर्मन बोलतो, तर तो इथे का नाही?"

योगेंद्र हळूच म्हणाला, "आन् तू काय सांगं?"

"सांगितलं, यादीत पहिलाच आहे," नवल म्हणाला. "पण आत एक जण बसलाय, तो उठत नाही."