कोऱ्या जागांचं नातं

घरात धाकट्याला सगळे भोंगा म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. विज्ञान सोपं करून सांगणारे त्याचे व्हिडिओ लाखभर माणसं बघायची. त्यातला सगळ्यात गाजलेला गोगलगायींचा. दोन तळी, मध्ये अख्खा डोंगर, आणि दोन्हीकडच्या गोगलगायी निघाल्या चक्क सख्खी भावंडं! हे शोधलं होतं ताईच्या प्रोग्रॅमने. जनुकांची अक्षरं जुळवून तो कोण कोणाचं नातलग ते सांगायचा, आणि ताईने तो साऱ्या जगाला फुकट देऊन टाकला होता. कॅमेऱ्यापुढे मात्र ही बाई मेली तरी यायची नाही.

त्या दुपारी ताई त्याच्या खोलीत आली ती पडक्या चेहऱ्यानेच.

"माझा प्रोग्रॅम चुकला रे. जिथे अक्षर वाचताच आलं नाही, ती कोरी जागासुद्धा तो 'जुळली' म्हणून धरत होता. गोगलगायींचे आपले दोन्ही नमुने खराब, कोऱ्या जागांनी भरलेले होते, म्हणून ती भावंडं ठरली. भावंडं कसली, लांबचं नातंही धड नाही."

भोंग्याने आधी खोलीचं दार लावून घेतलं. "कोणाकोणाला कळलंय?"

"प्रोग्रॅम वापरणाऱ्या सगळ्यांना. सकाळीच कळवलं मी."

"अगं, आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास! थांब, मी तो व्हिडिओ गुपचूप काढून टाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"काढायचा नाही. दुसरा करायचा. मी बोलते."

आता बोला! ताई खरंच कॅमेऱ्यापुढच्या खुर्चीत बसली आणि भोंग्याने कॅमेरा चालू केला. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबले.

"समजा, परीक्षेत दोघांनी तेच प्रश्न कोरे सोडले," ती म्हणाली, "आणि मी म्हटलं, बघा, दोघांची उत्तरं किती सारखी!"

वा रे वा! इतकी वर्षं बडबडून भोंग्याला हे साधलं नव्हतं. अभिमानाने त्याचा ऊर भरून आला.

"चूक माझी आहे," ताई कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "माझ्या भावाने फक्त माझ्यावर विश्वास ठेवला."

हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. गोगलगायींचा व्हिडिओ करताना ताईने बजावलं होतं, नमुने खराब आहेत, 'बहुधा' म्हण. त्यानेच तो शब्द कापला होता. 'बहुधा' ऐकायला कोण थांबतं? आणि ही बया तेही स्वतःच्या अंगावर घेत होती!

कॅमेरा चालूच ठेवून तो उठला आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला.

"ताईने मला 'बहुधा' म्हणायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी म्हणालो नाही."