खाली ठोकलेले खिळे

त्या घरात सकाळी उठल्यापासून एकाच माणसाचा आवाज असायचा. "ऊठ बेबी. हात वर कर. दुसरा. आता तोंड उघड. हां, गीळ." बाप बोलायचा आणि मुलगी ऐकायची. तिला भरवून, तोंड पुसून, स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी खुर्चीत बसवून झालं की तो स्वतःचा चहा घ्यायचा. तोवर त्यावर साय धरलेली असायची.

बेबी हे नाव लहानपणी पडलं आणि तसंच राहिलं. आता ती तिशी ओलांडलेली बाई होती. जन्मताना श्वास घ्यायला उशीर झाला, तेव्हापासून तिचा उजवा हात मुठीत आखडलेला, एक पाय ओढत चालणं आणि बोलणं एकेका शब्दाचं. कळायचं तिला सगळं. फक्त उत्तर यायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ थांबायला कुणाला सवड नसायची.

बापानं सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. नट, बोल्ट, वॉशर, पट्टे, सगळं आपापल्या कप्प्यात. दिवसभर एकच घोषा, "जागच्या जागी ठेवा." कामगारांनी त्याचं नावच 'जागच्याजागी' पाडलं होतं. निवृत्तीचं वय झालं तरी मालकानं त्याला सोडलं नाही, आणि त्यालाही सुटायचं नव्हतं. उजाडताना घर सोडायचं, दिवे लागल्यावर परतायचं. घरी आला की बेबीला रात्रीचं जेवण मात्र तोच स्वतःच्या हातानं भरवायचा. दिवसभर लेकीजवळ नसतो, निदान एक वेळ तरी, असं त्याला वाटायचं. बाकी सगळं बेबीची आई बघायची.

गेल्या वर्षी बेबीची आई गेली. ताप काय आला, दवाखान्यात काय नेलं, आणि बाप रिकाम्या हातानं परत काय आला.

दुःख झालं की काही माणसं रडतात. हा आवरायला लागला. नोकरी सोडली आणि धाकट्या बहिणीला मदतीला घेऊन सगळं स्वयंपाकघर लावून काढलं. तिथं पसारा काही कमी नव्हता. भिंतीवर कमरेच्या उंचीला वाकडेतिकडे खिळे, त्यांना दोरीनं अडकवलेले कप. ओट्यावर झाकण नसलेली रुंद तोंडाची बरणी. टेबलावर कायम एक ओलं फडकं. बायको जिवंत असताना तो म्हणायचा, "हे घर आहे का भंगाराचं दुकान?" ती म्हणायची, "असू द्या." आता म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. त्यानं खिळे उपटले, भोकांत पुट्टी भरली, वरून रंग मारला. कप वरच्या फळीवर ओळीनं गेले. जे कशात बसेना ते एका खोक्यात भरलं, खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'निरुपयोगी' लिहिलं आणि माळ्यावर टाकलं. फेकलं मात्र नाही. स्टोअरचा माणूस काही फेकत नाही.

घर कसं लख्ख झालं. आणि बेबी गप्प झाली.

पूर्वी ती काहीबाही गुणगुणायची. आता खिडकीत बसली की संध्याकाळपर्यंत बसलेली. आई गेली, पोर खचली, असं त्यानं धरलं आणि तो तिचं आणखी करू लागला. केस विंचरायचे, बटणं लावायची, केळं सोलून तोंडाशी धरायचं. सुरुवातीला तो तिच्याशी गप्पा मारायचा. उत्तर येत नाही म्हटल्यावर त्यानंही बोलणं कमी केलं. संध्याकाळी दोघं खिडकीत बसायची. समोर पंक्चरचं दुकान, येणारीजाणारी माणसं. कुणाला हाक मारावी असं कुणी नाही. घरात माणसं दोन होती, पण ती एकमेकांच्या सोबतीला नव्हती.

एक दिवस तिला आंघोळ घालताना त्याची कंबर धरली. मोरीच्या कठड्याला धरून तो तसाच वाकून उभा राहिला. बेबी ओल्या अंगानं त्याच्याकडे बघत होती आणि त्याला हात द्यायला हलत होती, तर हाच ओरडला, "तू हलू नकोस, पडशील!"

बहीण त्याच संध्याकाळी आली. "दादा, तू किती पुरणार आहेस तिला? आज कंबर, उद्या आणखी काही. मी एक संस्था बघून ठेवलीय. स्वच्छ आहे, बाग आहे, बायका मायाळू आहेत."

"आणि मी इथं काय करू?"

"तेच, जे आत्ता करतोयस. खिडकीत बस."

त्याला राग आला नाही. खरंच होतं ते. त्यानं अर्ज भरला. संस्थेचा एक नियम होता. घेण्याआधी त्यांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन बघून जायची. अंघोळ, कपडे, खाणंपिणं, घरातली कामं, ही रोजची कामं अपंग माणसाला स्वतःची स्वतः कशी करता येतील हे बघणं, हा तिचा पेशा.

ती आली तेव्हा त्यानं बेबीला नवा ड्रेस घालून त्याच खिडकीपाशी बसवलं होतं. बहीणही आली होती. थेरपिस्ट मध्यम वयाची, पायांत साध्या चपला, हातात एक पिशवी. तिनं आधी त्याच्याकडे बघितलंच नाही. खुर्ची ओढून बेबीसमोर बसली.

"नमस्कार, बेबीताई."

बेबीनं मान वर केली. या घरात आजवर तिला कुणी ताई म्हटलं नव्हतं.

"दिवसभर काय करता?"

"काही नाही करत हो," बाप म्हणाला. "बसून असते."

"काका, मी त्यांना विचारलं."

मग थेरपिस्ट उत्तराची वाट बघत बसली. खूप वेळ. बहिणीनं खोकून बघितलं, पदर सारखा केला. थेरपिस्ट ढिम्म. शेवटी बेबीचं तोंड हललं.

"भिंत," ती म्हणाली.

"बघा," बाप कळवळून म्हणाला. "असं असंबद्ध बोलते."

थेरपिस्ट उठली आणि बेबी बघत होती त्या भिंतीपाशी गेली. हात फिरवला. रंगाखाली पुट्टीचे उंचवटे बोटांना लागत होते, एक, मग दुसरा, ओळीनं. "इथं काय होतं?"

"खिळे. बेबीच्या आईनं ठोकलेले. कोण एवढ्या खाली खिळे ठोकतं? येणारा हसायचा. मी काढून टाकले."

"त्यांना काय अडकवलेलं असायचं?"

"कप. गाळणी. एक टॉवेल, नाडी शिवलेला."

"आणि ते आता कुठं आहेत?"

त्यानं मोठ्या अभिमानानं वरची फळी दाखवली. सगळे कप एका रेषेत, कान एकाच दिशेला.

"छान लावलंय," ती म्हणाली. "बेबीताईंचा हात पोचतो तिथं?"

त्यानं भिंतीकडे बघितलं, मग खुर्चीतल्या लेकीकडे. ते खिळे बरोबर तिच्या डाव्या हाताच्या उंचीला होते.

"आणखी काय काय काढलंत, काका?"

माळ्यावरचं खोकं बहिणीनंच खाली काढलं. कंबर धरलेली असूनही तो जमिनीवर बसला आणि एकेक वस्तू बाहेर ठेवू लागला. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून मूठ जाड केलेला चमचा. बटणांच्या जागी चिकटपट्ट्या शिवलेले दोन ड्रेस. चेनला मोठी कडी बांधलेली पर्स. पातेल्याचा कान अडकवायचं तारेचं वळण, ढवळताना पातेलं फिरू नये म्हणून. आणि एक लाकडी फळी, तिच्यातून दोन खिळे टोकं वर करून आलेले.

"ही तर मी आधी काढली," तो म्हणाला. "कुणाच्या हातात घुसली असती."

थेरपिस्टनं पिशवीतून तशीच एक फळी काढली, विकतची, प्लॅस्टिकची. "बटाटा या खिळ्यांत रोवायचा. मग धरायला दुसरा हात लागत नाही. एका हातानं चिरता येतो."

कुणी काही बोलायच्या आत बेबी उठली. पाय ओढत आली, खाली वाकली, डाव्या हातानं ती जुनी फळी उचलून छातीशी धरली.

"माझं!"

वर्षभरात बापानं तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"हिची आई सांगायची," तो हळूच म्हणाला. "आज बेबीनं बटाटे चिरले, आज बेबीनं कपड्यांच्या घड्या घातल्या. मी म्हणायचो, नसते उद्योग करू नकोस, हात कापेल तिचा. मग तिनं सांगायचं सोडलं."

"सांगायचं सोडलं, करायचं सोडलं नाही," थेरपिस्ट म्हणाली.

"अहो, पण बाई," बहिणीला राहवेना, "धडधाकट माणसं बसून राहणार आणि आजारी पोरीला कामाला जुंपणार? लोक काय म्हणतील?"

"आजारी कोण आहे? तुमच्या भाचीला ताप आहे का?" थेरपिस्टचा आवाज चढला नाही. "आत्याबाई, तुम्हाला उद्यापासून कुणी चहा करू दिला नाही, केस विंचरू दिले नाहीत, केळं सोलू दिलं नाही, तर किती दिवस आवडेल?"

"दोन दिवस चैन वाटेल," बहीण प्रामाणिकपणे म्हणाली.

"आणि तिसऱ्या दिवशी?"

बहिणीनं खोक्यातला जाड मुठीचा चमचा उचलून हातात धरून बघितला.

"काका, तुम्ही मायेनंच केलंत, ते दिसतंय. पण तुम्ही त्यांचे हात झालात, तर त्यांनी स्वतःच्या हातांचं काय करायचं? घरात ज्याच्याकडे करायला काहीच नाही, तो माणूस त्या घरात पाहुणा असतो. आणि पाहुणा किती बोलणार? तुम्हाला वाटतं त्या आईच्या दुःखानं गप्प झाल्या. असतीलही. पण आईबरोबर त्यांचं कामही गेलं."

त्यानं खोक्यावरच्या स्वतःच्याच अक्षराकडे बघितलं. निरुपयोगी. हे त्यानं कशावर लिहिलं होतं?

"संस्थेला काय कळवू?" जाताना तिनं विचारलं.

तो तोंड उघडणार होता. मग लेकीकडे वळला. "बेबी, तुला तिकडं राहायला जायचंय का?"

आणि थांबला. जन्मात पहिल्यांदा उत्तर येईपर्यंत थांबला. बाहेर पंक्चरवाल्याचा पंप वाजत होता. बेबीनं भिंतीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आधी खिळे," ती म्हणाली.

थेरपिस्ट हसली. "ऐकलंत ना? मी कळवते, इतक्यात नको म्हणून. पुढं कधी कुठं राहायची वेळ आली तरी त्या आपले हात घेऊन जातील. मी दर आठवड्याला येईन. सुरी आणि गॅस असेल तेव्हा जवळ उभे राहा, पण स्वतःचे हात मागे बांधून."

खिळे ठोकताना त्यानं टेप काढली, पेन्सिलीनं रेघ मारली. बेबीनं मान हलवली आणि बोट ठेवलं, रेघेच्या खाली, जरा तिरकं. त्यानं तिथं ठोकला. पुढचा तिसरीकडेच. ओळ पुन्हा वाकडीतिकडी झाली, आणि प्रत्येक खिळा तिच्या हाताला आला.

चमच्यावरची ट्यूब सुकून चिरली होती. तोच चमचा घेऊन नवी मागायला तो समोरच्या दुकानात गेला, तर पंक्चरवाला म्हणाला, "काकू न्यायच्या की. ताई यायच्या ना बरोबर? ट्यूब ताई स्वतः निवडायच्या, ओढून बघून. बरेच दिवस दिसल्या नाहीत?" एवढी वर्षं या रस्त्यावर राहून बापाला तो माणूस ओळखत नव्हता. लेकीला ओळखत होता.

वाचकहो, आपल्या कुणाच्या ना कुणाच्या घरात असं एक माणूस असतं. कुणाचा हात चालत नाही, कुणाचा पाय, कुणाची नजर, कुणी म्हातारपणानं मंद झालेलं. आपल्याला घाई असते आणि माया असते, म्हणून आपण त्याचं सगळं करून टाकतो. त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. वस्तू त्याच्या हाताशी आणून ठेवा, वेळ लागू द्या, सांडू द्या. माणसाला भाकरीइतकीच गरज असते ती आपल्यावाचून कुणाचं तरी अडण्याची.

तर खिळे ठोकले त्या दिवशीचा चहा. बेबीनं कप खिळ्यावरून काढले, सरकू नयेत म्हणून टेबलावर ओल्या फडक्यावर ठेवले. पातेल्याचा कान तारेत अडकवला. रुंद बरणीतून साखर घातली, जाड मुठीच्या चमच्यानं, शीग लावून. ओट्यावर सांडलेलं पुसायला तो पुढं झाला, तर तिनं कोपरानं ढकललं.

"बस."

तो बसला, हात मांडीखाली घालून. चहा यायला खूप वेळ लागला. पहिला घोट घेतला आणि त्याचा कप तसाच तोंडाशी राहिला.

ही चव त्याला माहीत होती. रोज संध्याकाळी दमून आल्यावर याच चवीचा चहा समोर यायचा. तो रोज कुरकुरायचा, साखर जास्त झालीय. आणि बेबीची आई रोज म्हणायची, "सांगते हं करणारीला." तो टोमणा आहे असंच तो समजत आला होता.

कप खाली ठेवून त्यानं डोळे पुसले. समोर बेबी वाट बघत होती. तो सगळं बळ एकवटून, अगदी पूर्वीसारख्या आवाजात म्हणाला, "साखर जास्त झालीय."

बेबी खो खो हसली. इतकी, की तिच्या कपातला चहा हिंदकळून टेबलावर सांडला, आणि तो पुसायला कुणीच उठलं नाही.