विविधता दिनाची नऊ टेबलं

स्वीडनमधल्या आमच्या गावच्या नगरपालिकेने विविधता दिन साजरा करायचं ठरवलं, तेव्हा ग्रंथपाल म्हणून मलाही समितीत घेतलं. अध्यक्ष होती गुनवोर, पालिकेच्या संस्कृती विभागाची प्रमुख. संस्कृती म्हणजे काय, याबद्दल तिला तसूभर शंका नव्हती. बाहेरून आलेल्यांनी झगमगीत कपडे घालून खायला वाढायचं आणि आपण "किती चविष्ट" म्हणत पुढच्या टेबलाकडे सरकायचं. अशी नऊ टेबलं मांडायची होती.

कुर्दी टेबलासाठी तिने हेमिनला बोलावलं. हेमिन बसडेपोत मेकॅनिक. गावात येऊन त्याला तेहतीस वर्षं झाली होती.

"द्राक्षाच्या पानांचा डोलमा आण," गुनवोर म्हणाली.

"मला येत नाही. मी व्हायोलिन वाजवतो. एव्हर्टच्या चाली वाजवू का?"

एव्हर्ट म्हणजे टेकडीवरचा म्हातारा शेतकरी. आमच्या परगण्यातल्या नाचाच्या जुन्या चाली त्याच्या बोटांत होत्या, कागदावर कुठेच नव्हत्या. शिकायला या, असं तो गावभर सांगत फिरला. माझ्या भावालाही म्हणाला होता; भावाला आइस हॉकीतून सवड नव्हती. शेवटी ट्रॅक्टर दुरुस्तीला गेलेला हेमिन त्याच्या स्वयंपाकघरात बसला, तो अकरा हिवाळे बसला. एव्हर्ट गेला आणि चाली हेमिनकडे राहिल्या.

गुनवोर गोड हसली. "पण ती आमची संस्कृती झाली ना. तू तुझी आण. आम्हाला तुझ्याकडून शिकायचंय."

"मग चाली शिका."

"लोक गोंधळतील रे. आणि स्थानिक संगीताला स्टॉकहोमची मंडळी ठरलीयेत."

समितीची मतं घेतली. सगळ्यांनी गुनवोरच्या बाजूने हात वर केले. मीही केला, तिच्याशी वाकडं कशाला घ्या.

विविधता दिनाला हेमिन पालिकेने भाड्याने आणलेलं जाकीट आणि घोळदार विजार घालून उभा होता. गुनवोरने एक डोलमा तोंडात टाकला. "अस्सल. आजीची कृती ना?"

"डब्यातला आहे. सुपरमार्केटात मिळतो."

तिला ती थट्टा वाटली.

स्टॉकहोमच्या मंडळींनी "या परगण्याची प्राचीन चाल" सुरू केली. एव्हर्टची बायको, माय नावाची, वय एकोणनव्वद, चाकाच्या खुर्चीतून ठणकावून म्हणाली, "ही इथली नाही."

वादक ओशाळला. "इथलं रेकॉर्डिंग कुठे सापडलं नाही, आजी."

"रेकॉर्डिंग कशाला हवं? तो बघ, तिकडे डोलमा वाढतोय."

हेमिनने गाडीतून व्हायोलिन आणलं. दुसऱ्याच चालीला सात-आठ म्हातारे उठून नाचायला लागले. पावलं त्यांना अजून आठवत होती. माय डोळे मिटून बसली होती. माझा भाऊ फोनवर चित्रण करत होता.

सोमवारी पालिकेच्या पत्रकात हेमिनचा फोटो आला. खाली गुनवोरने लिहिलं होतं: कुर्दी लोकसंगीतावर गाव डोललं.

मी तिला फोन केला. "ती आपल्याच गावची चाल होती, गुनवोर."

"असेल. पण त्याचे कपडे बघ ना. आणि कुणाला कळतंय?"

तेवढं मात्र तिचं खरं होतं. हेमिनने दर गुरुवारी फुकट शिकवीन, असा कागद ग्रंथालयाच्या फलकावर लावला आहे. तो मीच टाचला. चार महिने झाले, कोणी गेलेलं नाही. मीसुद्धा नाही.