अडकलेला कप्पा

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे, कापड बेतायचं. लांबरुंद, जड आणि, आता लपवायचं कशाला, झपाटलेलं. घाबरू नका. माझं भूत तुमच्याहून भित्रं आहे.

जिवंतपणी तो पॉलिशवाला होता. मला सुताराने घडवलं, पण तकाकी त्याची. मला बनवून घेणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंवर त्याचा जीव जडला. तोंडाने विचारायची छाती नव्हती, म्हणून गड्याने माझ्या कप्प्याच्या तळाशी पेन्सिलीने मनातलं लिहिलं. वर छाप पाडायला कप्प्याच्या कडांनाही तीन हात पॉलिश दिलं. अहो, सरकणाऱ्या कडा कोऱ्या ठेवायच्या असतात, हे त्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं! आणि ओला असतानाच कप्पा आत ढकलला. तो जो चिकटला, तो चिकटलाच.

दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कामावर शिडीवरून पडून तो गेला. बाईंनी वाचलं का, हे बघायला त्याचा जीव थेट माझ्या कप्प्यात आला. शिरला कसा, देव जाणे. बाहेर पडताना मात्र स्वतःचंच पॉलिश आडवं आलं. त्याला निघता येईना, मला त्याला सोडता येईना.

चाळीस वर्षं आम्ही असे कोंडलेले. वर बाईंची कात्री चालायची, आत याची टकटक. बाई म्हणायच्या, "मेला भुंगा लागलाय लाकडाला," आणि फटीत रॉकेल ओतायच्या. एवढ्या प्रेमाला उत्तर काय, तर रॉकेल! बाईंनी लग्न केलं नाही. भाचीने कारण विचारलं की म्हणायच्या, "ज्याने विचारावं असं वाटलं, त्याने विचारलंच नाही गं." आत तो कपाळ बडवून घ्यायचा. मला फार वाईट वाटायचं, पण टेबलाचं कोण ऐकतंय?

मग भाची बाईंना आपल्या घरी न्यायला आली. तिच्या दारातून माझं धूड जाणार नव्हतं. मला फोडून न्यायला जुनं सामान घेणारा एक माणूस आला आणि त्याने कप्प्याच्या फटीत पहार घातली. तळाची फळी चिरली असती, तर लिहिलेलं कायमचं गेलं असतं. आतली टकटकही थांबली. इतक्यात तो माणूस वाकून हसला. "मावशी, कडांना पॉलिश? कुठल्या गाढवाने केलं हो हे?"

बाईंनी वाकून कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "असं गाढव एकच होतं. पहार ठेव खाली."

शिवण उसवायचं पातं घेऊन त्या माझ्यापुढे बसल्या आणि कडेचं पॉलिश खरवडत राहिल्या.

"मावशी, टेम्पो थांबलाय," भाची म्हणाली.

"थांबू दे."

दुपार उलटल्यावर कप्पा कुरकुरला आणि सुटला. तळाशी लिहिलं होतं, 'माझ्याशी लग्न कराल का? घाई नाही. सावकाश सांगा.'

बाई आधी हसल्या, मग हमसून हमसून रडल्या. "अरे, तेव्हाच हो म्हटलं असतं रे!"

कप्प्यातून एक गार झुळूक निघाली आणि त्यांच्या खांद्यापाशी थांबली. बाईंनी वळून न बघता खांद्यावर हात ठेवला.

"टेम्पो परत पाठव," त्या भाचीला म्हणाल्या. "मी कुठे येत नाही."

मित्रांनो, अडकलेल्या कप्प्याला लाथ मारू नका आणि त्याचा नादही सोडू नका. जवळ बसा, कडेकडेने सोडवा. माझा कप्पा आता सताड उघडा असतो. येता-जाता बाईंच्या गुडघ्याला लागतो. त्या कळवळतात, मला चार शिव्या हासडतात, पण तो लावून घेत नाहीत.