पाल्याचा नेम

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं गाव. श्रावण लागला आणि माझ्या सासूबाईंना, भागीरथीबाईंना, दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं. उंबऱ्यात बसलेलं मांजर त्यांना तांब्या वाटलं. उचलायला हात घातला, तेव्हा मांजरानेही आपलं मत कळवलं.

ओरखड्यांचं त्यांना काही नव्हतं. काळजी होती गौरीची. आमच्या आळीची तेरड्याची गौर चाळीस वर्षं सासूबाईच ओहोळावरून आणत होत्या. तिन्हीसांजेला निघायचं, तोंडात पाण्याची चूळ धरायची. घर येईपर्यंत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, कुणी हात धरायचा नाही. आळीतल्या बायका म्हणाल्या, "औंदा शेजारच्या बाळीच्या हातात द्या गौर." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

माझे दीर जयराम कल्याणला रेल्वेत होते. ते एक तपकिरी बाटली घेऊन आले.

"आई, रोज एक चमचा घे. यात व्हिटामिन हाय. उतारवयात सगल्यांनीच घ्यावं."

"कशाचं हाय?"

"मुशीच्या काळजाचं तेल."

"श्रावणात मासा? जयराम, तुला मीच वाढवला ना रे?"

गौरीला मासळीचा निवेद दाखवेपर्यंत आमच्या घरी मासा शिजत नाही. बाटली फळीवर गेली. जयराम माझ्या कानाशी आले. "वैनी, आमटीत घाला गुपचूप. कुणाला कळतंय?"

तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी घास घेत नाही. दुसरीचा नेम मी कशी मोडणार? मी नाही म्हटलं. पण पुढे चार दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. गौर हातची गेली, तर त्यात माझाही वाटा होता.

बाटली मात्र कमी होत होती. सासऱ्यांनी 'सगल्यांनीच' एवढं ऐकलं होतं. चमच्याने कसली ताकद येणार, म्हणून ते पळी वापरत. भजनाला बसले की दोन्ही मांड्यांवर मांजरं, आणि अभंग अर्ध्यावर टाकून लोटा घेऊन पळायची पाळी.

बाजाराच्या दिवशी मी दोघांनाही मुरबाडला डॉक्टरांकडे नेलं.

"आजोबा, दुखतंय काय?"

"काय नाय."

"मग तेल कशाला?"

"म्हातारा झालो ना!"

"म्हातारपण म्हणजे आजार नव्हे. दोन्ही वेळ जेवता, नजर चांगली आहे. तुम्हाला बाटलीची गरज नाही. गरज आहे ती आजींना."

"गौरीनंतर घेईन," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. "जेवता काय?"

"ताकभात."

"आणि भाजी?"

"चावायला दात कुठायत?"

"मग पाला बारीक चिरून, तेलावर परतून, मऊ शिजवून खा. शेवगा, टाकळा, माठ, जो मिळेल तो; तेलातलं व्हिटामिन पाल्यातूनही मिळतं. पण रोज. एक दिवसही चुकवायचा नाही. तरी दिसलं नाही, तर गौरीनंतर तेल आहेच."

"रोज म्हंजे नेमच की हो!" सासूबाईंचा चेहरा उजळला.

मग काय विचारता! पाल्याची वाटी आधी देवापुढे, मग त्यांच्या पानात. भर पावसात घोंगडी पांघरून त्या शेवग्याखाली उभ्या. "मी काय शेळी हाय का?" म्हणत सासरेही खात.

तिसरा आठवडा सरत आला. मी तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा ठेवून वळले, तर ओटीवरून आवाज आला, "रंभे, कुंकू फिसकटलंय गो तुझं."

मी कपाळ पुसायचं सोडून डोळेच पुसत बसले.

गौर सासूबाईंनीच आणली. मागे आम्ही सगळ्या. बाळीची नजर त्यांच्या पावलांवर, आता अडखळतील म्हणून. बांधाच्या वळणावर खड्डा होता. सासूबाई त्याला वळसा घालून गेल्या. मागून मोठ्याने 'चुबुक' झालं.

बोलायची सोय नव्हती. आम्ही पदर तोंडात कोंबले. पुढे सासूबाईंचे खांदे गदगदत होते, तेरडा डोलत होता. तरी त्यांनी मान वळवली नाही की चूळ सांडली नाही.

घरी आल्यावर गौर पाटावर बसली. सासूबाईंनी अंगणात चूळ टाकली आणि पोट धरून विचारलं, "आधी सांगा, कोण पडली गो?"

गुडघ्यापर्यंत माखलेली बाळी पुढे झाली. "मीच, काकी. उद्यापासून माझीपण वाटी मांडा."